डोमकळी दिसली तेव्हाच : पाप, इशारा आणि परत फिरणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, डांबरी रस्ता संपतो तिथून आणखी दीड कोस. बुधवारी रात्री कुणाच्या तरी घरी आमच्या ख्रिस्ती मंडळीची प्रार्थना असते. पंधरा-वीस माणसं, एक ढोलक, एक खंजिरी. मी पाळक नाही. चार एकर कोरडवाहू आहे, पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर पेरतो, आणि पाळक दुसऱ्या गावी गेले की बायबलचं वचन सांगायला मला उभं करतात. खरे प्रश्न वचनानंतर चहा आल्यावर निघतात, काही तर दाराबाहेर चपला घालताना. तेच इथे लिहून काढलेत.

देव सारखा इशाराच का देतो? ही धमकीच झाली ना?

पऱ्हाटीत आपण कामगंध सापळे, म्हणजे वासानं बोंडअळीचे पतंग ओढणारे सापळे, लावतो, एकरी दोन. रोज सकाळी जाऊन पतंग मोजायचे. लागोपाठ तीन दिवस एका सापळ्यात आठ-आठ पतंग निघाले की आता हातपाय हलवा, असं कृषी सहायक सांगतो. त्या सापळ्याला कुणी शिव्या देत नाही. बोंडअळी त्यानं आणलेली नसते. ती आलीय एवढंच तो सांगतो, आणि तेही पीक हातात असताना.

योना संदेष्ट्याला देवानं निनवे शहरात पाठवलं तेव्हा निरोप एका ओळीचा होता : आणखी चाळीस दिवस, मग हे शहर उलथणार. त्यात माफीचं एक अक्षर नाही. पण नाशच करायचा तर चाळीस दिवस आधी माणूस कशाला धाडायचा? निनवेकरांना ते कळलं. राजा गादीवरून उतरून राखेत बसला, शहर वाचलं. आणि योना? तो रुसून गावाबाहेर जाऊन बसला. हा देव दयाळू आहे, ऐनवेळी सोडून देईल, हे त्याला आधीपासूनच माहीत होतं, म्हणून तर तो पहिल्यांदा पळाला होता. मला योना फार आपल्यातला वाटतो. शेजाऱ्याची खोड मोडावी असं आपल्याला आतून वाटत असतं, आणि ती मोडली नाही की तोंड आपलंच उतरतं.

पाप म्हणजे नेमकं काय? दारू, तंबाखू, तमाशा?

आमच्याकडे पापांची यादी फार छोटी असते आणि बहुतेक वेळा ती दुसऱ्याचीच असते. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत पापासाठी जो नेहमीचा शब्द आहे, ‘हमार्तिया’, त्याच्या मुळाशी नेम चुकण्याचा अर्थ आहे. याकोबाच्या पत्रात तर असंही आहे की चांगलं काय ते ठाऊक असून जो करत नाही, त्याचं ते पापच. म्हणजे काही न करताही पाप होतं.

आता आपल्या गावची यादी काढू. धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरणं. दर वर्षी वखरताना शेजाऱ्याकडचा वीतभर घ्यायचा, दहा वर्षांत धुराच सरकतो. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात शेजाऱ्याची हद्द सरकवणाऱ्याला शाप सांगितला आहे, आणि सगळ्या लोकांनी त्यावर ‘आमेन’ म्हणायचं आहे. आम्ही ते मोठ्यानं वाचतो आणि आमेनही म्हणतो. तेव्हा खाली बघणारे दोघं-तिघं तरी असतात.

दुसरं, मजुरी. निंदणाला आलेल्या बायांना ‘पुढच्या बाजारी देतो’ म्हणायचं. ‘लेवीय’ या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नको. आठवडाभर नाही, एक रात्र! सालदाराचा हिशोब अक्षयतृतीयेपर्यंत लोंबकळत ठेवणाऱ्या माणसानं हे वचन चौकट करून भिंतीवर लावायला हरकत नाही. ते मात्र कुणी लावत नाही, भिंतीवर ‘यहोवा माझा मेंढपाळ’च असतं.

दारू हे पाप नाही असं मी म्हणत नाही. मोहाच्या दारूनं आमच्या मंडळीतली दोन घरं बसली, ते मी पाहिलंय. पण दारू पिणारा सगळ्या गावाला दिसतो, धुरा कोरणारा दिसत नाही, एवढा फरक आहे.

एवढ्याशा गोष्टीचा एवढा बाऊ कशाला? लहान पाप आणि मोठं पाप एकच आहे का?

परिणाम एकच नसतात. चोरी आणि खून यांना मोशेच्या नियमशास्त्रातही एकच शिक्षा नव्हती. पण विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेगळं असतं : ‘माझं लहान आहे, चालू द्या.’

ज्यांनी कापूस केलाय त्यांना डोमकळी सांगायला नको. पात्या-फुलांच्या दिवसांत एखादं फूल उमलतच नाही, पाकळ्या आतून शिवल्यासारख्या गुंडाळून राहतात. लांबून बघाल तर कळी आहे असंच वाटेल. आत गुलाबी बोंडअळीचं पिल्लू असतं. ती तेव्हाच वेचून नष्ट केली तर ठीक. नाही केली तर पुढची पिढी बोंडात शिरते, आणि शिरल्यावर ते भोकही बुजून जातं. बोंड हिरवंगार, हातात घ्या, वजनाला ठणठणीत. फोडा, की आत रुई पिवळी पडलेली आणि सरकी खाल्लेली. तेव्हा कुठली फवारणी पोचते आत? २०१७ साली आमच्या भागानं हे चांगलंच भोगलं.

याकोबानं हीच पायरी सांगितली आहे : वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते, आणि पाप वाढून मरणाला. काईनानं भावाला, हाबेलाला, मारलं. पण देवानं त्याला खुनाच्या आधीच सांगितलं होतं, पाप दाराशी टपून आहे. त्या वेळी काईनाचा फक्त चेहरा उतरला होता. हाबेलाला त्यानं अजून बोटही लावलं नव्हतं.

अमक्यानं आयुष्यभर लबाडी केली, त्याचं तर काहीच वाकडं झालं नाही. उलट ट्रॅक्टर आला.

हा प्रश्न बायबलमधेच आहे, आणि तिथे तो आपल्यापेक्षा जास्त चिडून विचारला आहे. स्तोत्र ७३ उघडा. ‘उपदेशक’ या पुस्तकात म्हटलंय, वाईट कामाची शिक्षा लगेच होत नाही म्हणून माणसांची मनं वाईट करायला धजावतात. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात या उशिराचं कारण दिलंय : कुणाचा नाश व्हावा अशी इच्छा नाही म्हणून देव धीर धरतो. ट्रॅक्टरवाल्यासाठीही धरतो. आपल्याला ते आवडत नाही, हे मी मघाशी योनाबद्दल बोललोच.

पीक बुडालं, लेकरू आजारी पडलं. हे माझ्या पापाचं फळ आहे का?

याला मी नेहमी वेळ देतो, कारण इथे चुकीचं उत्तर दिलं तर माणूस मोडतो.

पेराल ते उगवेल हे गलतीकरांच्या पत्रात आहे, आणि ते खरं आहे. दारूनं लिव्हर जातं, खोटं बोलून बोलून शेवटी बायकोही विश्वास ठेवत नाही. पण प्रत्येक दुःखामागं एक पाप शोधायला निघालात तर येशूच तुम्हाला अडवतो. जन्मांध माणूस बघून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? तो म्हणाला, याचंही नाही, आईबापाचंही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हाही त्यानं विचारलं : ते काय यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते? नाही. आणि लगेच ऐकणाऱ्यांकडे वळून, पण तुम्ही पश्चात्ताप करा. मेलेल्यांचा हिशोब त्यानं केला नाही, जिवंतांना मात्र सांगितलं.

२०१७ च्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ती माणसं डोक्यापर्यंत वाढलेल्या पऱ्हाटीत, उकाड्यात, मास्क-हातमोजे नसताना फवारत होती. ‘देवानं शिक्षा केली’ असं त्यांच्याबद्दल बोलणाऱ्याला शिलोहाचा बुरूज वाचायला सांगावं. डब्यावरच्या लाल त्रिकोणाचा अर्थ त्यांना कुणी नीट सांगितला होता का, हा प्रश्न मला जास्त ख्रिस्ती वाटतो. इशारा द्यायचं काम तिथे कुणाचं तरी होतं.

आणि लेकरू आजारी असेल तर आधी दवाखाना. प्रार्थना वाटेत करा, दवाखान्यात करा. साप चावलेल्याला, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. मंत्राच्या जागी ‘आलेलुया’ म्हटल्यानं तो पुण्य होत नाही.

ज्यानं फास घेतला, तो नरकातच गेला ना?

दोन घरी मला हे विचारलं गेलं, एकदा तर मयत अंगणात असताना.

बायबलमध्ये आत्महत्येला कुठेही अक्षम्य पाप म्हटलेलं नाही. शौल राजा स्वतःच्या तलवारीवर पडला. दावीदाला ते कळलं तेव्हा त्यानं कपडे फाडले, संध्याकाळपर्यंत उपास केला आणि विलापगीत रचलं. शौल कुठे गेला यावर तो एक शब्द बोलला नाही, आणि शौलानं तर त्याचा जीव घ्यायचा प्रयत्न केला होता. आपण दावीदापेक्षा जास्त जाणतो का? त्या दिवशी मी एवढंच सांगितलं आणि लाकडं आणायला गेलो.

इशारा द्यायचा असेल तर तो जिवंत माणसाच्या बाबतीत, वेळेवर. जो भाऊ अलीकडे बोलत नाही, बँकेच्या नोटिशीचा कागद खिशात घेऊन फिरतो, त्याच्या जवळ जाऊन बसा. घरातला औषधाचा डबा त्याच्या हाती लागणार नाही असा हलवा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि मराठीतही बोलतात. स्वतः लावून द्या, फोन त्याच्या हातात द्या.

देवानं क्षमा केली तर मग परिणाम का भोगायचे?

दावीदाकडे नाथान संदेष्टा आला तो आरोप घेऊन नाही, गोष्ट घेऊन. एका गरिबाची एकच कोकरी, त्याच्याच ताटात खाणारी, आणि श्रीमंतानं पाहुण्यासाठी तीच कापली. दावीद राजा खवळला : असं करणारा माणूस मेलाच पाहिजे! ‘तो तूच.’ उरीयाची बायको बथशेबा घेतली आणि उरीयाला मारवलं, सगळं उघडं पडलं. दावीद म्हणाला, मी पाप केलं. नाथान म्हणाला, देवानं तुझं पाप दूर केलं, तू मरणार नाहीस. लगेच, त्याच भेटीत. तरी बथशेबेला झालेलं लेकरू गेलं, आणि तलवार त्याच्या घरातून हलली नाही.

हे कठीण आहे, मी ते सोपं करून सांगणार नाही. त्या लेकराचा काय दोष, हे मला दर वेळी टोचतं. एवढं मात्र बघितलंय, की माफी मिळाल्यावर देवाशी असलेलं नातं जुळतं आणि उभं जळालेलं शेत जळालेलंच राहतं. दारू सोडून सात वर्षं झालेला आमचा एक भाऊ आहे. त्याची पोरगी अजून त्याच्याशी धड बोलत नाही. तो दर शनिवारी तिच्यासाठी बाजारातून चिवडा आणतो आणि फळीवर ठेवून देतो.

पश्चात्ताप म्हणजे रडणं का? मला रडू येत नाही.

नका रडू. जुन्या करारातला हिब्रू शब्द ‘शूब’ म्हणजे मागे फिरणं. बैल चुकीच्या वाटेला लागला तर त्याला वळवायचं असतं. येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योतालाही पस्तावा झाला होता, त्यानं तीस नाणी मंदिरात फेकली. येशूला नाकारल्यावर पेत्रही ढसाढसा रडला. फरक पडला तो नंतर कुणीकडे चालले त्यानं.

माझी सांगतो. काही वर्षांआधी खेडा खरेदीवाल्याची गाडी सकाळी येणार म्हणून मी रात्री कापसाच्या गंजीवर पाणी मारलं. सरकारी खरेदीत ओलावा आठ टक्के धरतात आणि बाराच्या वर घेत नाहीत, तिथे मशीन असतं. खेडा खरेदीत हातच असतो. सगळेच मारतात, मीही मारलं. क्विंटलमागं दोनेक किलो वाढले असतील. पुढच्या रविवारी जक्कय जकातदाराचा उतारा माझ्याच वाट्याला आला : कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत देतो. वाचता वाचता आवाज बसला. लोकांना वाटलं आत्मा उतरला.

तिसऱ्या दिवशी त्या व्यापाऱ्याकडे पैसे घेऊन गेलो. तो आधी घाबरला, मग खो-खो हसला. म्हणाला, ‘भाऊ, तुमी पानी मारता, आमी काटा मारतो, हिशोब बराबर. पैशे ठेवा खिशात.’ आता काय करायचं? मी पैसे त्याच्या टेबलावर ठेवून आलो. चौपट नव्हते, खरं सांगतो, दुप्पटही नव्हते. त्या हंगामापासून गंजीवर ताडपत्री असते आणि बायको मला रात्री विचारते, ‘बादली कुठं चालली?’

इशारा ऐकून, पटूनही माणूस बदलत का नाही?

यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायात यहोयाकीम राजाची गोष्ट आहे. हिवाळा, नववा महिना, समोर शेगडी पेटलेली. यिर्मयानं बारूखाकडून लिहून घेतलेली गुंडाळी राजाला वाचून दाखवतात. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूनं तेवढा तुकडा कापतो आणि शेगडीत टाकतो. पुन्हा तीन-चार रकाने, पुन्हा चाकू. सगळी गुंडाळी जळेपर्यंत. त्यानं ऐकलं नाही असं नाही, पूर्ण ऐकलं, शेकोटी घेत. नंतर यिर्मयानं सगळं पुन्हा लिहवून घेतलं, आणि त्यात भर घातली.

सदोम शहराचा नाश होणार, असं लोटानं जावयांना सांगितलं तेव्हा त्यांना सासरा थट्टा करतोय असं वाटलं. हाही एक प्रकार. आणि तिसरा आपला, फरदडवाल्यांचा. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, नाहीतर अळी पुढच्या हंगामात जाते, हे कृषी विभाग दर वर्षी सांगतो. पटतंही. पण एक पाणी दिलं तर आणखी दोन-तीन क्विंटल निघेल म्हणून आपण उभी ठेवतो. बहुतेक पापं माणूस अशीच उभी ठेवतो. आवडतात म्हणून कमी, अजून थोडं निघेल म्हणून जास्त.

दुसऱ्याला त्याच्या पापाबद्दल सांगावं की आपण आपलं पाहावं?

रानडुकरं आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी आपण जागली, म्हणजे रात्रीची राखण, करतो. माळ्यावर बसलेल्यानं आवाज दिला आणि खालचा उठला नाही, तर नुकसान खालच्याचं. माळ्यावरचाच झोपला तर सकाळी सगळे त्याला धरतात. यहेज्केलाच्या तेहतिसाव्या अध्यायात पहारेकऱ्याबद्दल अगदी हेच आहे. म्हणजे सांगायचं.

पण कसं? मत्तय १८ प्रमाणे आधी एकट्यानं, एकट्याला गाठून. मग दोघं-तिघं. मंडळी सगळ्यात शेवटी. आमच्याकडे उलटं चालतं : आधी माइकवर टोमणा, मग व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला वचन, आणि त्या माणसाशी कुणी बोलतच नाही. आणि त्याच्याही आधी कुसळ-मुसळाचं बघा. मला व्यापाऱ्याच्या काट्याबद्दल बोलायचं होतं, पण हातात बादली होती.

पाळकच चुकत असेल तर?

पौलानं पेत्राला तोंडावर सांगितलं, तेव्हा पाळकालाही सांगता येतं. पैशाचा हिशोब मागा, लेखी मागा.

पण बाई किंवा लेकराशी वाईट वागल्याची गोष्ट असेल, तर ‘मंडळीत मिटवू’ हा शब्द तोंडातून काढू नका. पोलीस ठाण्यात जा. लेकराचा प्रश्न असेल तर १०९८ लावा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे. क्षमेचं पुढं बघू.

माझ्याकडून पवित्र आत्म्याविरुद्ध पाप झालं असेल का? झोप लागत नाही.

पवित्र आत्म्याच्या निंदेला क्षमा नाही, हे वाक्य मार्काच्या तिसऱ्या अध्यायात येशू कुणाला बोलला ते बघा. समोर बरी झालेली माणसं दिसत असताना ‘हे सैतानाचं काम’ असं ठरवून म्हणणाऱ्या शास्त्र्यांना. ज्याची या काळजीनं झोप उडते त्याचं मन तसं दगड झालेलं नसतं. झोपा.

विश्वास ठेवल्यावरही तारण हरवू शकतं का? इब्री लोकांस पत्राचे ६ आणि १० हे अध्याय वाचून भीती वाटते.

यावर मंडळ्यांमध्ये जुना मतभेद आहे आणि विदर्भात दोन्ही बाजू शेजारी नांदतात. नागपुरात १८४५ मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन परंपरेतले. त्या परंपरेत देवानं धरलेला हात सुटत नाही. यवतमाळकडचे फ्री मेथॉडिस्ट आणि बुलढाणा-वाशीमकडचे नाझरीन हे जॉन वेस्ली या प्रचारकाच्या वाटेचे. ते म्हणतात, माणूस हात सोडवून घेऊ शकतो. १९५३ ते १९८३ युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळकांचं विद्यालय, यवतमाळातच होती, आणि निरनिराळ्या मंडळ्यांची पोरं तिथे एका बाकावर बसून शिकली. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हाही वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या. वाद मिटला नाही, जेवण सोबत झालं.

माझं मत विचाराल तर, ते इशारे थकून मागे सरकणाऱ्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेत. ‘आज त्याची वाणी ऐकाल तर मनं कठीण करू नका’ हे त्याच पत्रात आहे. ‘आज’ला मी धरून बसतो.

घरचे ख्रिस्ती नाहीत. त्यांना नरकाबद्दल सांगू का?

सासूबाईंना नरक सांगण्याआधी त्यांचं गुडघ्याचं तेल आणून द्या. बाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम नाही, असं पौलानं लिहिलंय. विचारलं तर सौम्यपणे सांगा, असं पेत्रानं.

मन साफ नसेल तर प्रभूभोजन घ्यावं का?

आपली परीक्षा करून घ्या, असं करिंथकरांस पत्रात आहे. न घेणं सोपं असतं, ती पळवाट होते. मत्तय ५ मध्ये दुसरं सांगितलंय : अर्पण तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग ये.

दोन वर्षांआधी भाकर मोडायच्या आधी हे वाचलं आणि मागच्या सतरंजीवरचे एक काकाजी उठले. कुणाला काही बोलले नाहीत, गेले. धाकट्या भावाशी धुऱ्यावरून त्यांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. आम्ही एक गाणं म्हटलं, मग दुसरं. पाळकांनी भाकरीवर रुमाल टाकला. लेकरं भुकेनं कुरकुरायला लागली तेव्हा त्यांना चहा-टोस दिलं.

दीड-दोन तासांनी दोघं भाऊ सोबत आले. काकाजींच्या चपलांना काळी माती, हातात मोजायची दोरी. धाकटा ख्रिस्ती नाही, तो दारातच उभा राहिला. काकाजी बसले आणि शेजाऱ्याला हळूच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू आलं, ‘तीन तासं निघाले त्याचे.’ तास म्हणजे पऱ्हाटीची ओळ. पाळकांनी रुमाल काढला.